सरांच्या वहीतल्या मोकळ्या ओळी

कॉम्प्युटरवर गणित टाइप करताना एक गोष्ट सुरुवातीला लक्षात येत नाही. समीकरणाच्या चौकटीत स्पेस दाबली तर जागा सुटत नाही. चौकट ती स्पेस गिळते आणि आधी टाइप केलेलं नीटनेटकं करून देते. तिरकी रेघ मारून लिहिलेला अपूर्णांक उभा होतो, अंश वर जातो, छेद खाली येतो, घातांक बारीक होऊन अक्षराच्या खांद्यावर बसतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की एकच अपूर्णांक मी दहा-बारा वेळा पुसून परत टाइप केला. आता मात्र ती जागा गिळली जाताना पाहिली की कसंतरी होतं. का होतं, ते सांगायचा प्रयत्न करते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. फर्स्ट इयरला पहिली असाइनमेंट दिली तेव्हा मला वर्ग कसा टाइप करायचा तेच माहीत नव्हतं. एक्सच्या पुढे सरळ दोन लिहून मोकळी झाले. मॅडमनी ती वर्गासमोर परत केली. ‘‘हे एक्स वर्ग आहे की एक्स टू नावाचा माणूस आहे?’’ सगळे हसले, मीही हसले. मग महिनाभर कॉलेजच्या लॅबमध्ये बसून शिकले. मुळाचं चिन्ह कसं आणायचं, मोठे कंस आतल्या अपूर्णांकाएवढे कसे वाढवायचे, आणि एकाखाली एक पायऱ्या लिहिल्या की सगळी बरोबरची चिन्हं एका रेषेत कशी आणायची. हे शेवटचं मला फार आवडायचं. पायऱ्या निवडायच्या, राइट क्लिक करायचं, आणि इकडेतिकडे पसरलेली चिन्हं प्रार्थनेच्या रांगेसारखी एकाखाली एक उभी राहायची. सेकंड इयरपर्यंत वर्गातल्या अर्ध्या मुलांचे प्रोजेक्ट मी सजवून देत होते. पप्पा लोअर परळला एका ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटीला आहेत. तिथून त्यांना एक मोडीत काढलेला लॅपटॉप मिळाला होता. बॅटरी मेलेली, सतत वायरला लावून ठेवावा लागायचा. लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीखालच्या प्लगजवळ तो असायचा आणि त्याच्यापुढे मी.

सर गेले ते मला तीन दिवसांनी कळलं.

सर परळच्या एका चाळीत राहायचे. दिवसा सरकारी ऑफिसात कारकून होते. सकाळी साडेसहा ते आठ ते स्वतःच्या खोलीत दहावीचं गणित शिकवायचे. मराठी माध्यमाची मुलं, सतरंजीवर चार रांगा. मधे पडदा, पडद्यामागे ओटा, आणि ओट्याशी काकू सरांचा डबा करत असायच्या. सर आम्हाला नावाने हाक मारत नसत, नंबर दिलेले होते. मी चौदा. ‘‘काय गं चौदा, झोपलीस की विचार करतेस?’’ असं विचारलं की मी घाईघाईने म्हणायची, ‘‘विचार, सर.’’ त्यांच्यामुळे मला गणितात एवढे मार्क पडले की सायन्स घ्यायचं धाडस झालं. बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन जायचं ठरवलं होतं. मग अ‍ॅडमिशनची धावपळ आली. मग वाटलं, फर्स्ट इयरचा निकाल घेऊनच जाऊ. लालबागहून परळ चालत वीस मिनिटं लागतात.

ते गेल्यावर पाचेक महिन्यांनी काकूंचा फोन आला. चाळ रिकामी होणार होती, नवी इमारत बांधायची म्हणून. काकू मुलीकडे नाशिकला जाणार होत्या. ‘‘तू कॉम्प्युटरवर गणितं लिहितेस म्हणे. येतेस का जरा?’’

गेले तर सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. खोली मोठी वाटत होती. काकूंनी कपाटातून तीन जाड फुलस्केप वह्या काढल्या. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. सरांच्या शिकवायच्या वह्या. दरवर्षी याच वह्यांमधून ते शिकवायचे.

‘‘तो तुमचा दादा आहे ना, चिंचपोकळीचा, तो क्लास पुढे चालवतो म्हणालाय,’’ काकू म्हणाल्या. दादा म्हणजे आमच्या आधीच्या एका बॅचचा विद्यार्थी. तिकडच्या मंडळाच्या खोलीत त्याने पंधरा-वीस मुलं जमवली होती. ‘‘मी म्हटलं, वह्याच घेऊन जा. तर म्हणतो, काकू, मला त्यांचं अक्षर लागत नाही, पीडीएफ द्या. म्हणून तुला बोलावलं. मी नाशिकला गेले की यांचं शिकवणं इथे राहिलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. बाकी काय आहे यांचं इथे?’’

मी तिन्ही वह्या उचलल्या. त्यांनी दोन परत घेतल्या. ‘‘एकेक ने. एक आण, दुसरी ने. सगळ्या एकदम गेल्या तर मला करमायचं नाही.’’

पहिली वही बीजगणिताची. त्या वहीबद्दल मला आज जे आठवतं ते लिहिते, कारण आता तेवढंच उरलं आहे. अक्षर बारीक, निळ्या शाईचं. पण पायऱ्या सलग नव्हत्या. दोन पायऱ्या लिहिलेल्या, मग तीन-चार ओळी कोऱ्या, मग एक पायरी, मग पुन्हा कोरं. त्या कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहिलेले आकडे, पाच, अकरा, तेवीस. काही खोडलेले, काही खोडरबराने पुसून त्यावरच परत लिहिलेले. पुसून पुसून तिथला कागद लवदार झाला होता. मला वाटलं, कसले तरी उदाहरणांचे जुने क्रमांक असतील. वही फार वर्षांची, तिच्यात असा कचरा असणारच.

मी तो साफ केला. सगळ्या पायऱ्या एकाखाली एक आणल्या, मधली जागा मिटवली. आधी ती जागा टाइपच करत होते आणि मग डिलीट करत होते. नंतर टाइप करायचंही सोडलं. बरोबरची चिन्हं ओळीत लावली. अपूर्णांक मजकुराच्या ओळीत आले की बारीक होतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःची ओळ दिली. सरांची एकशे दहा पानं माझ्याकडे अडतीस झाली. मी प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि काकूंना नेऊन दिलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, सर हे बघायला हवे होते.

काकूंनी ती प्रिंट दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली, मग एक पान उलटून बोट फिरवलं. ‘‘किती स्वच्छ गं. हे सगळं त्यांचंच ना?’’

‘‘हो काकू. एक आकडा बदललेला नाही.’’

पहिली वही मी परत दिली आणि दुसरी घेऊन आले. दुसरी भूमितीची. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय लिहिताना मी त्या कोऱ्या जागेपाशी आले. वर पायरी होती, क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे पाया गुणिले उंची भागिले पाया गुणिले उंची. खाली चार ओळी मोकळ्या. त्यात पेन्सिलने चौदा. आणि चौदाच्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरात: ‘मान हलवते, कळलेलं नसतं.’

मी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

दरवर्षी एक चौदा नंबर असणार, हे मला माहीत आहे. पण मला ती सकाळ आठवली. सर फळ्यावर याच पायरीपाशी थांबले होते. ‘‘मग?’’ म्हणाले होते. सर एखाद्या पायरीनंतर ‘मग?’ म्हणायचे आणि गप्प व्हायचे. फळ्याकडे पाठ करून, खडू मुठीत धरून उभे राहायचे. मिनिट जायचं, कधी दोन. कुणी पुढची पायरी सांगितल्याशिवाय ते वळायचे नाहीत. त्या दिवशी ते माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली होती. ते म्हणाले, ‘‘हलली मान. आता तोंड हलू दे.’’ सगळे हसले. सर मात्र थांबून राहिले. किती वेळ कोण जाणे, आणि मग मला ते आतले छोटे त्रिकोण दिसले होते. उंचीमुळे झालेले, तेही समरूप. ते मीच बोलले होते. दहावीत त्या एका सकाळी मला पहिल्यांदा वाटलं होतं की मला गणित येतं.

म्हणजे त्या कोऱ्या ओळी थांबायच्या होत्या. कुठे थांबायचं, किती थांबायचं, आणि कोणासाठी. दरवर्षी नवी मुलं अडायची, तसे ते जुने नंबर पुसून नवे लिहायचे. आणि पहिल्या वहीतलं हे सगळं मी कचरा म्हणून काढून टाकलं होतं.

तरी मी घाबरले नाही. वही होती ना काकूंकडे. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून परळला गेले. ‘‘काकू, पहिली वही जरा परत द्या ना, एक बघायचं राहिलंय.’’

काकू भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. ‘‘ती विसर्जन केली गं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘देवांच्या तसबिरी होत्या काच फुटलेल्या, यांची जुनी पंचांगं होती. रविवारी दादर चौपाटीला नेऊन सोडली. त्यातच ती वही. रद्दीवाल्याला कशी देणार? यांचा हात फिरलेला कागद, त्यात कोणी भजी बांधून देणार! नाशिकला न्यायला जागा नाही. आणि तू टाइप केलंस ना सगळं? मग?’’

मी म्हटलं, ‘‘हो, केलंय.’’ आणि खाली उतरले. चहा घेऊन जा असं त्या वरून ओरडत होत्या.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला. मी त्याला पहिल्या वहीची फाइल आधीच पाठवली होती. तो खुशीत होता. ‘‘भारी झालंय यार! एकदम गाइडसारखं. सर वर्गसमीकरणाला दोन आठवडे घ्यायचे, आठवतं ना? मी चार दिवसांत उडवलं.’’

‘‘मुलांना कळलं?’’

‘‘कळलं म्हणजे काय, सगळ्यांनी माना हलवल्या. पटापट उतरवून घेतात. काही विचारतच नाहीत.’’

तो म्हणाला, ‘‘हॅलो? ऐकू येतंय का?’’

मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. कॉलेजचं काही टाइप करत असले, दोन पायऱ्या झाल्या की माझे हात आपोआप थांबायचे. पाठीमागे कोणीतरी उभं आहे आणि वाट बघतंय असं वाटायचं. मागे आमचं कपाट आणि आईची शिलाई मशीन, बाकी काही नाही. स्क्रीनवर पांढऱ्या पानावर ती उभी रेघ लुकलुकत असायची. चालू, बंद, चालू, बंद. मी पुढची पायरी टाइप केली की ती निमूट पुढे सरकायची. आई एकदा म्हणाली, ‘‘कुणाशी बोलतेस गं?’’ मला वाटत होतं मी मनातच बोलतेय. मी म्हणत होते, ‘‘सांगते सर, सांगते.’’

सांगायचं होतं ते काकूंना. खोलीची किल्ली द्यायला दहा दिवस उरले होते. त्या नाशिकला गेल्या असत्या, स्पायरल बाइंडिंग उशाशी ठेवून झोपल्या असत्या, आणि त्यांना कधीच कळलं नसतं. यातलं सगळ्यात सोपं तेच होतं.

गेले. सगळं सांगितलं. दुसऱ्या वहीतलं ते पान दाखवलं, नंबर, मोकळ्या ओळी, माझ्याबद्दल लिहिलेलं वाक्यसुद्धा. काकूंनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. 

‘‘म्हणजे मी यांचं शिकवणं समुद्रात टाकलं.’’

‘‘नाही काकू. त्याच्या आधी मी टाकलं होतं. तुम्ही नुसते कागद नेलेत.’’

काकू उठल्या, तांदूळ धुतले, कुकर लावला. मला जा म्हणाल्या नाहीत, बसही म्हणाल्या नाहीत. काय करावं कळेना, म्हणून मी स्पायरलची प्रिंट पुढे ओढली. वाटलं, मोठ्याने वाचून तरी बघावं, मला काही आठवतंय का. सर जसं वाचायचे तसं, एकेक अक्षर उच्चारून वाचायला लागले. ‘‘एक्स वर्ग अधिक आठ एक्स उणे अठ्ठेचाळीस बरोबर शून्य. पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा. म्हणून, एक्स वर्ग अधिक आठ एक्स बरोबर अठ्ठेचाळीस.’’

मी श्वास घ्यायला थांबले. काकूंनी हात पुढे करून गॅस बारीक केला.

‘‘आता दोन्ही बाजूंत सोळा मिळवून...’’

‘‘थांब,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एवढ्यात कसं म्हणालीस? इथे थांबायचे ते.’’

मी त्यांच्याकडे बघितलं.

‘‘इथे खूप वेळ थांबायचे. मी गॅस बारीक करायची, शिट्टी झाली तर मुलांचं चित्त जाईल म्हणून. मग कोणीतरी पोर सोळा म्हणायचं. मग हे विचारायचे, सोळाच का, सतरा का नाही? मग परत गप्प. माझा भात रोज इथे गचका व्हायचा.’’ त्यांना हसू आलं, आणि ते तोंडावर आल्यावर त्यांनी पदर लावला. ‘‘सव्वीस वर्षं गचका भात नेलाय डब्यात त्या माणसाने, आणि म्हणायचे, आज जास्त शिजलाय का गं?’’

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. एक्स म्हणजे काय ते त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही. पण त्या खोलीत सव्वीस वर्षं पडद्यामागून त्यांनी प्रत्येक उदाहरण ऐकलं होतं. उदाहरणातलं बोलणं त्यांच्या कानावरून जायचं. गप्प होणं मात्र त्यांना रोज पाळावं लागायचं, हातातलं पातेलं अलगद ठेवून, नळ बंद करून.

दुसरी आणि तिसरी वही मोकळ्या ओळींसकट तशीच उतरवता येणार होती, प्रश्न पहिलीचाच होता. मग रोज सकाळी मी लॅपटॉप घेऊन जायला लागले. मी पायरी वाचायची आणि थांबायची. काकू कधी लगेच म्हणायच्या, ‘‘हां, इथे.’’ कधी, ‘‘पुढे चल, इथे नाही, इथे ते घाईत असायचे.’’ कधी म्हणायच्या, ‘‘इथे लहान. फोडणी करपायची नाही एवढं.’’ मी फोडणीएवढ्या जागेला दोन ओळी धरल्या, भात गचका होण्याच्या जागेला पाच. चौकटीत जागा सुटत नाही, म्हणून चौकट तोडायची, बाहेर येऊन कोऱ्या ओळी टाकायच्या, पुन्हा नवी चौकट उघडायची. चौकट तुटली की बरोबरची चिन्हं ओळीत राहत नाहीत. मी ती तशीच ठेवली.

‘‘एक्स अधिक चार, कंसाचा वर्ग, बरोबर चौसष्ट. म्हणून एक्स अधिक चार बरोबर...’’

‘‘इथे सगळी ओरडायची, आठ, आठ,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आणि हे काही बोलायचेच नाहीत. बरोबर असून का गप्प बसतात, मला कळायचं नाही.’’

‘‘उणे आठ पण येतो, काकू. तो कोणी म्हणत नाही.’’

‘‘अस्सं होय,’’ त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षांनी उत्तर कळलेल्या माणसासारख्या थोडा वेळ बसल्या.

सगळंच मिळालं नाही. नंबर तर गेलेच, एकही सांगता आला नाही. अंकगणिती श्रेढीच्या धड्यात एक जागा होती. मला खात्री होती की तिथे सर थांबायचे, काकूंना तितकीच खात्री होती की नाही. त्या म्हणाल्या, त्या वेळी दूधवाला यायचा, म्हणून तुला थांबल्यासारखं वाटतं. कदाचित त्यांचं खरं असेल. मी तिथे एक ओळ सोडली आहे. ती सरांची आहे की दूधवाल्याची, माहीत नाही.

शेवटचं प्रकरण सोडून बाकीची नवी फाइल दादाला पाठवली तेव्हा तो वैतागला. ‘‘अडतीसची एकाहत्तर पानं? झेरॉक्सवाला हसेल. एवढी जागा का सोडलीस?’’ मी म्हटलं, ‘‘मोठ्याने शिकव. जागा आली की सरांसारखं ‘मग?’ म्हण आणि गप्प बस.’’ तो म्हणाला, ‘‘किती वेळ?’’ मी म्हटलं, ‘‘ओळी मोज.’’ दोन दिवस त्याचा काही निरोप नव्हता. मग मेसेज आला: ‘सोळावर पोरं अडली. दहा मिनिटं गेली. एक पोरगी रडायला आली होती, मग तिनेच सांगितलं.’ खाली आणखी एक: ‘तिला नंबर देऊ का?’

किल्ली द्यायच्या दिवशी शेवटचं प्रकरण राहिलं होतं. खोलीत एक चटई, माझा लॅपटॉप आणि भिंतीवर फळ्याचा फिकट चौकोन. गॅसचं सिलिंडर आदल्या दिवशी परत गेलं होतं, शेगडी टेम्पोत चढली होती. ओट्यावर शेगडीच्या चार पायांचे गोल डाग होते. काकू नवी साडी नेसून ओट्याला टेकून उभ्या होत्या. खाली जावई हॉर्न वाजवत होते.

‘‘होऊ दे तेवढं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वाच तू.’’

मी वाचायला लागले. दोन पायऱ्या झाल्या. तिसरी झाली आणि मी थांबले. त्या वेळी काकू खिडकीतून खाली बघत होत्या, माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. तरी त्यांचा उजवा हात बाजूला गेला, ओट्यावरच्या त्या डागांच्या पुढे, जिथे शेगडीचं बटण असायचं तिथे. दोन बोटं हवेत थोडी वळली.

हॉर्न थांबला. खोलीत काही वाजत नव्हतं.

मी चौकटीतून बाहेर आले आणि एंटर दाबलं. मग पुन्हा दाबलं. काकूंची बोटं तिथेच होती, म्हणून पुन्हा.